धुळ्याचा न धरलेला गडी

पंडित नानांनी पत्र तिसऱ्यांदा वाचलं आणि टेबलावर आपटलं. आखाड्याच्या कचेरीत टेबल एकच होतं, त्याचा एक पाय आधीच लुळा, त्यामुळे दौत कलंडली आणि शाई पत्रावरच सांडली. तरी मजकूर वाचता येत होताच. नको तेवढा स्पष्ट वाचता येत होता.

साल १९३८. हुतूतूचा हिंदुस्थानचा संघ सिलोनच्या दौऱ्यावर निघायचा होता. कोलंबोला तीन कसोटी सामने. आपला मातीतला खेळ समुद्र ओलांडून जाणार, आणि त्या संघात धुळ्याचा चिंधा असणार, हे नानांनी अर्ध्या शहराला सांगून ठेवलं होतं. उरलेल्या अर्ध्याला त्यांच्या शाळेतल्या मुलांनी सांगितलं होतं. आणि आता मुंबईच्या निवड समितीने, तिथे त्याचा खेळ पाहून, लिहिलं होतं: 'आपला गडी चपळ आहे, दम मोठा आहे. परंतु अंगाला हात लागताच थिजतो. अठरा चढायांत अकरा वेळा धरला गेला, एकदाही सुटला नाही. तेरा दिवसांनी जळगावला अखेरची निवड आहे. तोवर तयारी करून घ्यावी.'

"अकरा वेळा!" नाना दारात उभ्या असलेल्या चिंधावर खेकसले. "इथे दीड वर्षात तू एकदा तरी धरला गेलास? मुंबई पाहून डोळे फिरले का तुझे?"

चिंधा बावीस वर्षांचा. जिनात रुईच्या गासड्या उचलून खांदे भरलेले. गावाच्या लेखी तो अस्पृश्य. नानांनी दीड वर्षापूर्वी मोठ्या धडाडीने त्याला आखाड्यात घेतलं, तेव्हा वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या होत्या. ते कात्रण नानांनी चौकट करून कचेरीत लावलं होतं. चिंधा आजही उंबऱ्याच्या बाहेरच उभा होता, आणि त्याला आत ये म्हणायचं नानांना सुचलं नव्हतं.

"नाना," चिंधा खाली मान घालून म्हणाला, "तठे त्या लोकेस्नी माले धरं. आठे माले कोन्हीच धरं नई. मंग सुटानं कसं, माले काय ठाऊक?"

नाना काही बोलणार, तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "पहिल्यांदा एकनी कंबरले मिठी मारी ना, तैन्हा माले वाटनं, आते मनामुये याले आंग धवनं पडी. मी जागवरच उभा राहीनू."

आपल्यामुळे धरणाऱ्याला अंघोळ करावी लागेल, एवढं बोलून तो गेला. नाना मात्र रागाच्या भरात होते, आणि माणूस रागात असला की त्याला दुसऱ्याच्याच चुका दिसतात. त्यांनी संध्याकाळी साऱ्या गड्यांना मैदानावर उभं केलं आणि फर्मावलं, "आजपासून चिंधाला धरायचं. सोडायचं नाही."

चिंधाने दम घेतला, 'हुतूतूतू' करीत मधली पाटी ओलांडली, आणि समोरचे सात गडी कोंबड्यांसारखे पांगले. भाईदास तर पळता पळता मागची रेघ ओलांडून बाद झाला. दीड वर्ष हेच चाललं होतं. चिंधा चढाईला गेला की समोरचे पळत, रेघेबाहेर पडत, बाद होत. लोक टाळ्या पिटत, 'काय गडी आहे, कुणाच्या हाताला लागत नाही!' दुसरी बाजू चढाईला आली की चिंधाला मागच्या रेघेवर उभं करत. तो चढाईचा गडी, त्याला कशाला पकडीत घालायचं, असं नानाच म्हणत. खेळ संपला की सारे विहिरीवर अंघोळीला जात. धूळ फार उडते म्हणून जातात, अशी नानांची समजूत होती.

चार दिवस नाना ओरडले आणि चार दिवस सबबी ऐकत राहिले. भाईदासच्या तळहाताला गळू झालं. जीवरामच्या घरी लग्न निघालं, नवरदेवाच्या भावाने विटाळ कसा करून घ्यायचा? रतिलालची आजी सोळा सोमवार करत होती, आणि आजीच्या उपासाचा नातवाच्या हातांशी काय संबंध, हे विचारायची सोय नव्हती. रोज एक दिवस वाया जात होता. चिंधा रोज जिनातून सुटून धावत यायचा, पाटी ओलांडायचा, सात जणांच्या मध्ये उभा राहून म्हणायचा, "धरा ना भाऊ, धरा." आणि दम सुटेपर्यंत तसाच उभा राहून परत यायचा. माणूस पकडून घ्यायला आर्जवं करतोय आणि कुणी पकडत नाही, असला खेळ जगात कुठे झाला नसेल.

पाचव्या दिवशी नाना कपाळाला हात लावून कडेच्या दगडावर बसले. शेजारी नासीरभाई होते. विणकर माणूस, तरुणपणी कुस्तीत नाव काढलेलं, आता साठीला आलेले. गड्यांचे मुरगळलेले हातपाय तेच बसवत.

"बघितलंत नासीरभाई? या कार्ट्यांनी देशाचं नाक कापायचं ठरवलंय. मी ओरडून ओरडून घसा बसवला."

"ओरडलात खरं," नासीरभाई म्हणाले. "पण पंडितभाऊ, एक विचारतो, बुरा मानू नका. तुम्ही कधी त्याला हात लावलात?"

"मी? अहो, मी त्याला आखाड्यात आणला!"

"आणलात. मीही मान्य करतो. हात लावलात का?"

नाना चिडून उत्तर द्यायला गेले आणि त्यांना पदकांचा दिवस आठवला. गेल्या वर्षी शिंदखेड्याचा सामना जिंकल्यावर सगळ्यांच्या गळ्यात त्यांनी स्वतः पदकं घातली होती. चिंधाने ओंजळ पुढे केली होती, आणि नानांनी पदक वरून त्या ओंजळीत सोडलं होतं.

"खेळ संपल्यावर मी दोन दिवस धरतोय त्याला," नासीरभाई पुढे म्हणाले, "पण माझ्या या हातांतून शेळीसुद्धा सुटून जाईल. त्याला जवान हात पाहिजेत, सात जणांचे. पोरं तुमचं तोंड बघत नाहीत भाऊ, तुमचे हात बघतात. तुम्ही त्याला आत घेतलात आणि आत आणून एकटा ठेवलात. त्यापेक्षा बाहेर असता तर निदान तुम्हाला कौतुक तरी मिळालं नसतं."

शेवटचं वाक्य नानांना फार झोंबलं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त स्वतःचा संताप आला. त्यांनी कोट काढला, टोपी काढली, धोतराचा काचा मारला आणि बेचाळीस वर्षांचं पोट सांभाळत ते मैदानात उतरले.

"चिंधा, ये चढाईला."

चिंधा आला. नानांनी त्याच्या कमरेला मिठी घातली. पोरगा थिजला. 

"सूट," नाना त्याच्या कानाशी म्हणाले. "मला काही अंग धुवायचं नाही. सूट म्हणतो ना!"

तिसऱ्या खेपेला चिंधाने असा हिसडा मारला की नाना तोंडावर आपटले आणि त्यांचा ओठ फुटला. मैदानात कुणी हसलं नाही. मग भाईदास पुढे आला. गळू झालेल्याच हाताने त्याने चिंधाचा घोटा धरला. काही घरी गेले ते परत आले नाहीत, जीवराम त्यातलाच, पण पाच जण राहिले.

नाना घरी गेले तेव्हा त्यांच्या बायकोने, तानुबाईंनी, रोजच्याप्रमाणे मागल्या दारी अंघोळीचं पाणी ठेवलं होतं. नाना पुढल्या दाराने तसेच आत आले आणि जेवायला बसले. तानुबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

आठ दिवस राहिले होते. आठही दिवस चिंधाला धरलं, पाडलं, दाबलं. जळगावच्या मैदानावर तो मन लावून खेळला. पहिल्या पकडीला क्षणभर थिजला, मग झुंजला. अकरा वेळा धरला गेला आणि चार वेळा सुटला. मुंबईच्या मानाने खूप होतं. सिलोनच्या मानाने नव्हतं.

संघाची नावं वाचून दाखवली. चिंधाचं त्यात नव्हतं. नाना निवड करणाऱ्या गृहस्थांशी भांडायला गेले.

"गडी गुणाचा आहे," ते गृहस्थ शांतपणे म्हणाले. "आणखी दोन महिने मिळाले असते तर डोळे मिटून घेतला असता. पण मास्तर, तुमच्याकडे तो दीड वर्ष होता ना? त्या दीड वर्षात तुम्ही काय करत होता?"

 नाना मागे वळले तेव्हा चिंधा समोरच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याच्या दंडांवर, मनगटांवर बोटांचे काळेनिळे वळ होते.

"चिंधा, तुझं मी नुकसान केलं," नाना म्हणाले.

"हाव नाना, करं," चिंधा म्हणाला. त्याने 'असू द्या' म्हटलं नाही, आणि का म्हणावं?

दुसऱ्या दिवशी नानांनी कचेरीतलं कात्रण उतरवलं आणि गड्यांना समोर बसवून सांगितलं, "त्याला आत घेतलं म्हणून मी दीड वर्ष मिरवलो. आत घेणं म्हणजे नुसतं दार उघडणं, हे मी धरून चाललो. अंगाला अंग लावून खेळायचं नसेल, एका ताटात जेवायचं नसेल, तर तो आत आला कुठे? ज्याचा विटाळ मानायचा नाही असं ठरवलं, त्याला हातात हात द्या. नाही तर उगाच सुधारक म्हणवून घेऊ नका. मी म्हणवून घेतलं, आणि त्याची किंमत मी नाही, त्याने दिली."

वाचकहो, आपल्या शाळेत, कचेरीत, पंगतीत आपणही कुणाला असंच आत घेऊन लांब उभं केलेलं असेल. त्याचं कौतुकही करत असू. एकदा आपलेच हात तपासून पाहा.

महिन्याभराने वर्तमानपत्रात बातमी आली. तीनपैकी दोन कसोट्या हिंदुस्थानने गमावल्या होत्या. चढाईच्या गड्यांचा दम अपुरा पडला, असं लिहिलं होतं. भाईदासने ती मोठ्याने वाचली. चिंधाने ऐकली, घोट्याला माती चोळली आणि पाटी ओलांडून चढाईला गेला. या वेळी पाच जुने आणि दोन नवे, असे सातही जण त्याच्यावर तुटून पडले.