जवळच्या नातलगाचा निर्वाह

आमच्या घराण्यात वडीलधाऱ्या स्त्रीचे नाव बोडके उच्चारण्याची पद्धत नाही. म्हणून अमेरिकेतल्या दफनभूमीच्या कचेरीला आईचे नाव कळवायची वेळ आली, तेव्हा माझ्या नातीला, कृपाला, मी बजावले की ‘रूथबाई’ असेच लिही.

मिशनच्या मडमसाहेबांची मुले सांभाळायला आई त्यांच्याबरोबर बोटीने अमेरिकेला गेली, तेव्हा माझा धाकटा भाऊ नॅथन दोन वर्षांचा होता. मुले जरा मोठी झाली की ती परतणार होती. काही महिने पत्रे आली, मग थांबली. कोणी विचारले की वडील सांगत, तिला तिकडचे पाणी मानवले. आम्ही तेच खरे धरून म्हातारे झालो.

राहुरीला मास्तरकीत जन्म घालवलेल्या नॅथनची मूत्रपिंडे यंदा निकामी झाली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले, म्हणून मी त्याला नगरला माझ्याकडे आणले. औषधाबद्दल त्याने कधी विचारले नाही. एकच गोष्ट मागितली.

“अक्का, ती आपल्याला विसरली का मेली, एवढं मला कळू दे.”

मडमसाहेबांच्या गावच्या दफनभूमीची कचेरी एक नाव शोधायचे पंधरा डॉलर घेत होती आणि इकडचे कार्ड तिथे चालत नव्हते. मी बँकेत गेले. रविराज नावाच्या कारकुनाने पैसे कशासाठी ते विचारले. आई शोधायची आहे, असे मी सांगितले. त्याने संगणकावरची कारणांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. शिक्षण होते, उपचार होते, प्रवास होता.

“आजी, यात आई शोधणं नाही. जवळच्या नातलगाचा निर्वाह, असं टाकू का?”

टाका म्हटले. आईच्या निर्वाहासाठी या घरातून गेलेले ते पहिले पैसे. पाठवणावळ रकमेहून जास्त होते, हे त्याने ओशाळून सांगितले. मी ते विचारले नव्हते.

उत्तर आले की या नावाचे कोणी नाही. कृपाने ते पुन्हा वाचले आणि हळूच म्हणाली की त्यांनी ‘बाई’ हे आडनाव धरले, बाई घराण्यातली माणसे शोधली. नुसते रूथ लिहू या का, असेही तिने विचारून पाहिले. मी नाही म्हटले. तेव्हा तिने मडमसाहेबांच्या आडनावाने शोध घ्यायचे सुचवले. पुन्हा बँक, पुन्हा निर्वाह. तोवर नॅथनचे जेवण सुटले होते. दार वाजले की तो मान वळवून पाही.

या वेळी फोटो आला. साहेब आणि मडमसाहेबांचे उंच दगड, आणि त्यांच्या पायथ्याशी विटेएवढा एक. त्यावर इंग्रजीत एकच शब्द, ‘आया’, आणि खाली साल. ते साल आई बोटीने गेली त्याच्या पुढचेच होते. ना रूथ, ना बाई.

आम्ही मोबाईल घेऊन त्याच्या खाटेशी बसलो. त्याला एवढे बारीक दिसत नव्हते, म्हणून कृपाने साल वाचून दाखवले. त्याने डोळे मिटले.

“म्हणजे विसरली नाही,” तो म्हणाला. जरा वेळाने त्याने विचारले, “नाव काय घातलंय?”

कृपाने माझ्याकडे पाहिले. कामाच्या नावाने पुरलेली आई मी त्याच्या हाती देणार नव्हते.

“आई,” मी म्हटले. “आई असं लिहिलंय.”

मी त्याचा हात धरला होता, तो त्याने सोडवून घेतला.

“म्हणजे त्या पोरांची ती आई झाली, अक्का. मला तर तिचं तोंडही आठवत नाही.”

त्याने भिंतीकडे कूस वळवली. खरे काय ते सांगून टाक, असे कृपाने स्वयंपाकघरात मला विनवले. मी तिला गप्प केले. त्यानंतर नॅथनने आईचा विषय काढला नाही आणि माझ्या हातून पाणीही घेतले नाही. कृपा चमच्याने पाजी. रविवारी उपासनेची घंटा होण्याआधी तो गेला.

दगडावर काय कोरायचे, असे पाळकसाहेबांनी विचारले. मी सांगितले, नॅथन, रूथबाई यांचा मुलगा. आईचे नाव मी मोठ्या अक्षरांत घालून घेतले. ते वाचायला तो नाही.