चार कुलपांचं दार

पाण्याच्या खोलीला चार कुलपं होती. आत कुणी सोनंनाणं ठेवलं नव्हतं. आत होता टाकीचा मोठा व्हॉल्व्ह आणि तिथून घराघराच्या शेताकडे गेलेले पाइप. पण समितीत माणसं चार आणि चौघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही! कुणीतरी गुपचूप जास्त पाणी सोडून घेतं, असा एकदा आरोप झाला. चोर काही सापडला नाही, पण तोडगा मात्र सापडला. प्रत्येकाचं आपलं कुलूप, प्रत्येकाची आपली किल्ली. सकाळी चौघं जमले तरच दार उघडायचं. मंडळी, हसू नका. आपल्या इमारतीच्या गच्चीला किती कुलपं आहेत, ते एकदा बघून या.

ही टाकी एका प्रकल्पातून आलेली. प्रकल्पवाले सह्या घेऊन, सगळं गावाच्या ताब्यात देऊन निघून गेले, त्याला वर्ष उलटलं. तरी तिचं नाव 'प्रकल्पाची टाकी'च राहिलं. पाइपाला चीर गेली? साहेबांना कळवा. दार गंजलं? साहेब बघतील. पाणी मात्र प्रत्येकाला स्वतःचं वाटायचं.

त्या सकाळी दाराखालून पाणी वाहत होतं. झिरपत नव्हतं, चांगलं भळाभळा वाहत होतं. अख्खी टाकी रस्त्यावर चालली होती आणि झऱ्याच्या बारीक धारेवर ती पुन्हा भरायची म्हणजे आठवडा तरी जाणार. बघताबघता निम्मं गाव जमलं. समितीतले तिघं आले: मास्तर, थोरले आणि धाकटी. चौथा, दुकानदार, किल्ली खिशात घालून सासुरवाडीला गेलेला.

"फोन लावा त्याला," मास्तर म्हणाले.

"लावला. संध्याकाळपर्यंत येतो म्हणे," थोरले म्हणाले. थोरले म्हणजे समितीचे प्रमुख. टाकीला लागूनच त्यांचं टोमॅटोचं मोठं शेत, ऐन फुलोऱ्यात आलेलं.

"संध्याकाळी काय टाकीचा तळ पुसायला येणार का तो?" धाकटी कडाडली.

धाकटी ही थोरल्यांच्या धाकट्या भावाची बायको. नवरा परगावी कामाला, शेती हिच्या एकटीच्या अंगावर. बांधावरून भांडण झाल्यापासून दीर-भावजयीत विस्तव जात नव्हता. तिने कालच मिरचीची रोपं लावली होती. आज पाणी मिळालं नसतं तर उद्या उपटून फेकण्यापलीकडे काही उरलं नसतं. दुसरी रोपं तिला कुणी दिली नसती आणि लावणीचे दिवसही सरत आले होते.

"कुलूप तोडा," ती म्हणाली.

"खबरदार!" थोरले पुढे झाले. "प्रकल्पाची मालमत्ता आहे. उद्या साहेबांनी जाब विचारला तर? मी लावतो त्यांना फोन."

फोन लागला. थोरल्यांनी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. पलीकडून साहेब शांतपणे म्हणाले, "अहो, मी आता दुसरीकडे असतो. ती टाकी तुमची आहे. मला काय विचारता?" आणि फोन बंद झाला.

"बघा, हात झटकले!" थोरले गरजले. "हे असले लोक! आपल्याला वाऱ्यावर सोडलं."

"आणि तुम्ही काय करताय, भाऊजी?" धाकटीचा आवाज चढला. "मघापासून पाण्यात उभे आहात. तुमची फुलं चार दिवस दम धरतील, हे ठाऊक आहे तुम्हाला. माझी रोपं जळाली की बरंच वाटेल ना?"

"तोंड सांभाळून बोल!"

"नाही सांभाळत!"

ती वळली, घरी गेली आणि खांद्यावर पहार घेऊन आली. लोक बाजूला झाले. अडवायला कुणी नाही, मदतीलाही कुणी नाही. बघे मात्र भरपूर!

"ही चोरी आहे, चोरी!" थोरले ओरडले.

धाकटीने पहार कडीत अडकवली आणि मान वळवली. "चोरी दुसऱ्याच्या घरात होते, भाऊजी. हे दार कुणाचं ते सांगा. साहेब म्हणतात, माझं नाही. तुम्ही म्हणता, आपलं नाही. मास्तर, तुमचं आहे का? नाही? मग बेवारशी दार फोडायला मला परवानगी कशाला हवी?"

तिने पहारेवर जोर लावला. कडी चारही कुलपांसकट उखडून चिखलात पडली.

आत गेल्यावर तिने आधी व्हॉल्व्ह आवळून पाणी थांबवलं. मग सगळ्यांना दिसला तो निखळलेला सांधा आणि त्याच्याखाली आडवा झालेला पत्र्याचा डबा. समितीतल्या तिघांच्याही माना खाली गेल्या. तो सांधा कितीतरी दिवस ठिबकत होता. डबा कुणी ठेवला, कुणास ठाऊक, पण रोज सकाळी भरलेला डबा ओतून पुन्हा जागेवर ठेवण्याचं काम चौघांनी आळीपाळीने बिनतक्रार केलं होतं! सांधा आवळायचं मात्र एकाच्याही मनात आलं नाही.

"मीसुद्धा ओतलाय हा डबा," धाकटी म्हणाली. "आपण चौघं एकमेकांवर पहारा देत बसलो आणि टाकीवर कुणाचंच लक्ष नव्हतं. ती आपली असती तर पहिल्या थेंबाला आपण धावलो असतो. घरातला माठ गळला तर साहेबांना फोन करता का, भाऊजी?"

थोरल्यांचा चेहरा लाल झाला. संताप होताच, पण आता तो कुणावर काढायचा, ते त्यांना कळेना. त्यांनी टाकीत डोकावून पाहिलं. तळाशी एखाद्याच शेताला पुरेल एवढं पाणी. आणि त्यांच्या शेताचा पाइप सगळ्यात जवळ.

मग मास्तरांच्या मदतीने त्यांनी सांधा बसवला, घट्ट आवळला आणि धाकटीच्या शेताकडचं पाणी सोडलं.

"रोपं आज मरतील. फुलं थांबतील," ते घुश्शातच म्हणाले.

"उपकार नकोत मला."

"उपकार कसले? माझ्या खिशातलं आहे का पाणी? आपलं आहे!"

हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. त्याची किंमतही त्यांनी मोजली. टाकी भरेपर्यंत त्यांची बरीच फुलं गळाली.

संध्याकाळी दुकानदार आला आणि उघडं दार पाहून भडकला. "कुणाला विचारून तोडलं? साहेबांना कळवलं का?"

"कोण साहेब?" थोरले त्याच्या अंगावर गेले. "मालकांना विचारून तोडलं. आणि तूही त्यांच्यातलाच एक आहेस. उद्या सकाळी ये, सगळे पाइप तपासायचे आहेत!"

बंधुभगिनींनो, ती माणसं अजूनही कडाडून भांडतात. भांडू द्या. कुणी बांधून दिलेली गोष्ट सही केल्याने आपली होत नाही. ती बिघडली की आधी आपण धावतो, तेव्हाच ती आपली होते.