नऊ खिळ्यांचे शब्द

उत्तमरावांनी वही रुचितासमोर सरकवली, चष्मा कपाळावर चढवला आणि ओळीवर बोट ठेवलं.

"आज एम, ए, एल. नऊ खिळ्यांचे. चार सापडलेत."

पोह्यांचा घास घेता घेता रुचिताने वहीत पाहिलं आणि घास तोंडातच राहिला. चारांतला तिसरा शब्द मॅलिग्नंट होता. उत्तमरावांच्या ठसठशीत अक्षरात, पुढे अर्थासाठी कोरी जागा सोडून.

हा दिवस कधीतरी येणार हे तिला ठाऊक होतं. पण असा, रविवारच्या पोह्यांवर?

उत्तमरावांनी गिरगावातल्या एका छापखान्यात तीस वर्षं इंग्रजी मजकूर जुळवला, तोही इंग्रजीतलं ओ की ठो न कळता. शिक्षण मराठी सातवी. अक्षरं ओळखीची, शब्दांचे चेहरेही ओळखीचे. कुठला शब्द कोणत्या अक्षरांनी सुरू होतो आणि त्याला शिशाचे खिळे, अक्षरागणिक एक, किती लागतात, एवढ्यावर त्यांचा हात भराभरा चालायचा. अर्थाची उठाठेव मालकाने करावी नाहीतर गिऱ्हाइकाने. पुढे नवघरला घर झालं, छापखाना बंद पडला आणि सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको दुर्गाबाई गेली. घर खायला उठलं तेव्हा त्यांनी ही वही काढली. सारख्या सुरुवातीचे, सारख्या लांबीचे शब्द आठवून एकाखाली एक लिहायचे. हाताखालून एवढे शब्द गेले, निदान ते म्हणतात काय हे तरी मरण्याआधी कळू दे, असं म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी रुचिता लग्न होऊन आली आणि अर्थ लिहायचं काम तिच्याकडे आलं. शाळेत इंग्रजी शिकवणारी सून मिळाली म्हणून म्हातारा कोण खूश! तिलाही हा तास आवडायचा. इंग्रजी लग्नपत्रिकांवर हटकून येणारं 'कॉर्डियली' हे त्या लोकांच्या कुलदैवताचं नाव असणार, अशी त्यांची तीस वर्षं पक्की समजूत होती. 'अगत्याने' हा खरा अर्थ कळला त्या रविवारी दोघं पोट धरधरून हसली होती.

पण मॅलिग्नंटची गोष्ट नवऱ्याने, नीरजने तिला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितली होती. आईच्या गाठीचा रिपोर्ट आला तेव्हा तो कंपनीच्या कामाने बडोद्याला होता. लॅबमधून कागद बाबांनीच आणला. वाचता येईना, पण तो एक शब्द त्यांनी लगेच ओळखला. दवाखान्यांचे, लॅबचे फॉर्म त्यांनी गठ्ठ्यांनी छापले होते आणि अशा प्रत्येक फॉर्मवर तो असायचाच. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही, असं त्यांनी आईला छातीठोक सांगितलं. आईला तेच ऐकायचं होतं. डॉक्टरला गणपतीनंतर दाखवू, मग दसऱ्यानंतर, असं करत कागद कपाटात राहिला. दिवाळीला नीरज घरी आला आणि गाठ कर्करोगाची आहे हे त्याने कागदावर वाचलं, तेव्हा चार महिने उलटून गेले होते.

"बाबांना मी इतकंच सांगितलं की आजार नंतर पसरला," नीरज म्हणाला होता. "त्यांना हे कधीच कळता कामा नये. जगायचे नाहीत ते."

आणि आता तो शब्द समोर होता. रुचिताने पहिल्यापुढे लिहिलं, खुनशी. दुसऱ्यापुढे, ठोकून हवा तसा आकार देता येतो तो. मग पेन थांबलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात पालीच्या कोळीवाड्यातून मासळी घेऊन येणारी बर्नडेट टोपली उतरवत होती.

"बाबा, बोंबील हाय. एकदम ताजं."

"मागच्या वेळी पण ताजंच म्हणाली होतीस!"

"खोटं न्हाय बोलत. हात लावून बघा."

उत्तमराव भाव करायला दाराशी गेले. रुचिताने देवाचं नाव घेतलं आणि तिसऱ्या शब्दापुढे लिहून टाकलं, नेहमीचा, साधा. चौथ्यापुढे, बेढब. अक्षर तिचं तिलाच ओळखू येईना. आयुष्यात कुठल्या मुलाला तिने चुकीचा अर्थ शिकवला नव्हता.

बोंबील ओट्यावर ठेवून, हात धुऊन उत्तमराव परत येऊन बसले. चष्मा खाली घेतला. पहिले दोन अर्थ त्यांनी मोठ्याने वाचले. तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"साधा?"

"हो बाबा. रोजच्या वापरातला."

"मीही हेच सांगितलं होतं तुझ्या सासूला," उत्तमराव म्हणाले.

रुचिताने मान वर केली. ते तिच्याकडे बघत नव्हते. शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होते, पुसलेलाच पुन्हा पुसत होते.

"अर्थ मला ठाऊक आहे, पोरी. तिला ॲडमिट केलं त्याच दिवशी वॉर्डातल्या सिस्टरला विचारला. ती बिचारी सांगून मोकळी झाली. तिला काय कल्पना, मी कशासाठी विचारतोय ते."

"मग... मग माझ्याकडून कशाला लिहून घेतलंत?"

"सहा वर्षं एकटा घेऊन बसलोय गं. रोज रात्री तेच. वाटलं, घरातल्या कुणीतरी एकदा तोंडावर सांगावं. बाबा, असा असा अर्थ होता, आणि तुम्ही त्याला साधा म्हणालात. शिवी दिली असतीस तरी चाललं असतं."

रुचिताला रडू आवरेना. तिने पेन उचललं, लिहिलेलं खोडलं आणि त्याच्या शेजारी खरा अर्थ लिहिला. मग तो मोठ्याने वाचला. उत्तमरावांनी तो डोळे मिटून ऐकला आणि दोनदा मान हलवली.

"बरं झालं," ते म्हणाले. मग वही मिटून त्यांनी ती तिच्या हातात दिली. "आता एक कर. ही तुझ्या कपाटात ठेव. नीरजच्या हाती लागता कामा नये."

रुचिताने वही मांडीवर ठेवली.

"त्याला यातलं काही माहीत नाहीये. आजार नंतर पसरला, असंच तो धरून चाललाय. खरं कळलं तर मला बाबा म्हणायचा नाही तो."

बाहेर लिफ्टचं दार वाजलं. नीरज भाजी घेऊन वर आला होता.

"नाही कळू देणार, बाबा," रुचिता म्हणाली आणि डोळे पुसून दार उघडायला उठली.