पाच हजार गुण आणि दोन बधिर बोटं

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्यांची नाही, खेळाची. काळ्या प्लास्टिकचा तळहाताएवढा डबा, आत एक इवलीशी चिप आणि खाली सोनेरी पट्ट्यांची ओळ. टीव्हीला जोडलेल्या यंत्राच्या खाचेत मला खोचलं की पडद्यावर विमान उडू लागे. विमान म्हणजे चार चौकोन आणि डोंगर म्हणजे आणखी बारा. तेव्हाच्या लोकांना तेवढं पुरत असे.

माझा जन्म कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बायका मनगटाला तारेचा पट्टा बांधत, ती तार जमिनीशी जोडत आणि मगच आम्हाला हात लावत. माणसाच्या अंगात साठलेली वीज आमचा जीव घेते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाहेरच्या जगात हे कोणी लक्षात ठेवत नाही, हे मला पुढे कळलं.

मी गेले ते थेट अमेरिकेच्या उत्तर टोकाला, डुलुथ या बंदराच्या गावात, कांगासांच्या घरी. घरात तिघं होती. वायनो कांगास गोदीत क्रेन चालवायचा. त्याची बायको सिल्विया, आणि बारा वर्षांची मुलगी मार्ला. दोन वर्षं मार्लानं मला मनसोक्त खेळवलं. मग एका शरद ऋतूत लोखंडी दोरात वायनोचा उजवा हात सापडला. हात वाचला, पण अंगठ्याशेजारची दोन बोटं बधिर झाली. ती हलत, पण त्यांना काही कळत नसे.

क्रेनवाल्याचे डोळे वर उचललेल्या ओझ्यावर असतात, दांडी त्याला बोटांनीच ओळखावी लागते. गोदीच्या डॉक्टरनं सुई टोचून पाहिली आणि मान हलवली. पुन्हा तपासणी जानेवारीतल्या एका सोमवारी होती. त्या दिवशीही सुई कळली नाही, तर क्रेन कायमची सुटणार होती. मग वायनो दिवसभर माझ्यासमोर बसू लागला. बटण दाबलं गेलं की नाही, हे तो कानांनी ऐके.

"पाच हजार गुण झाले की पडद्याचा फोटो काढून डॉक्टरच्या टेबलावर ठेवतो," तो म्हणायचा.

"बोटांना सुई कळायला हवी आहे त्याला, गुण नकोत," सिल्विया म्हणायची. "तू काय विमान उडवायच्या नोकरीला निघालायस?"

"हात कामाचा आहे, एवढं तर त्याला दिसेल."

सिल्वियालाही तसंच वाटावं असं वाटत होतं, पण वाटत नव्हतं.

त्या घरात एक नियम होता आणि तो सिल्वियानंच घातला होता. बाहेर उणे वीस थंडी, घरातली हवा पापडासारखी कोरडी. बूट दाराशी काढून सगळे लोकरी मोज्यांनी गालिच्यावर फिरत, आणि अंगात वीज साठे. म्हणून यंत्राला हात लावण्याआधी खिडकीखालच्या लोखंडी हीटरला हात लावायचा. एकदा मार्ला विसरली होती, तेव्हा चालू डाव जागीच पुसला गेला होता.

तपासणीच्या आदल्या दुपारी वायनोचं शेवटचं विमान उरलं होतं. गुण चार हजार सहाशे होते. वेलचीचा गोड पाव ताटलीत तसाच पडला होता.

"बाबा, डावीकडे."

"दिसतंय मला. तू श्वास घे आधी."

चार हजार नऊशे. बधिर बोट बटणावर आपटत होतं. माझी चिप तापली होती आणि मला भीती वाटत होती, की आता मीच कुठे चुकेन. पाच हजार वीसवर विमान डोंगराला धडकलं. आकडा पडद्यावर लुकलुकत राहिला. कोणी काही दाबलं नाही, तर तो तसाच राहणार होता.

"तो झटपट फोटोचा कॅमेरा आण," वायनो हळूच म्हणाला. "एकच फोटो उरलाय त्यात. फ्लॅश लावू नकोस, पडदा पांढरा येईल."

मार्ला धावली. खिडकीचा उजेड टीव्हीच्या काचेवर पडत होता, म्हणून वायनो उठला, गालिचा तुडवत पडदे ओढून परत आला. तेवढ्यात त्याला मी खाचेत जराशी तिरकी दिसले. आनंदात तो नियम विसरला आणि मला सरळ करायला त्यानं उजवा हात पुढे केला.

मला ओरडता आलं असतं, तर ओरडले असते.

निळी ठिणगी उडाली. पडद्यावर आडव्या रेघा आल्या, आकडा गेला. मार्ला कॅमेरा धरून दारातच थांबली आणि तिला रडू फुटलं.

"बाबा, काय केलंत हे!"

वायनो हाताकडे बघत होता. "चटका बसला," तो म्हणाला.

"बसणारच. हीटरला हात कोण लावणार?" स्वयंपाकघरातून सिल्वियाचा आवाज आला.

"सिल्विया, बोटाला बसला. या बोटाला."

सिल्विया बाहेर आली. तिनं केसांतली पिन काढली, त्याला डोळे मिटायला लावले आणि बोटावर टोचली. वायनोनं हात मागे ओढला. तिनं पुन्हा टोचली, त्यानं पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा तिनं शेजारच्या बोटावर टोचली, तेही मागे गेलं.

त्या ठिणगीनं माझी चिप जळाली. नंतर मार्लानं मला कितीदा तरी खोचून पाहिलं, रेघांखेरीज काही उमटलं नाही. तेव्हापासून मी कपाटात आहे. मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना हात लावण्याआधी क्षणभर थांबा, लोखंडाला स्पर्श करा. आम्ही दिसतो तेवढ्या दणकट नसतो, आणि एकदा गेलो की परत येत नाही.

वायनोच्या हाताबद्दल मात्र माझी तक्रार नाही. सोमवारी डॉक्टरनं सुई टोचली, तेव्हा त्यानं सणसणीत शिवी हासडली, आणि डॉक्टर हसत म्हणाला, "आणखी एकदा द्या, म्हणजे मला तुमच्या क्रेनच्या कागदावर सही करता येईल."