आवाजाचा नमुना

लहानपणी वडील तिला टकळी म्हणायचे. औषधांच्या दुकानात काम लागल्यावर तिथल्या लोकांनीही तेच नाव पाडलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिचं बोलणं ऐकून आपोआप सुचलं असावं. गिऱ्हाईक "काय म्हणालात?" विचारायचं, आणि टकळी तेच वाक्य पुन्हा तितक्याच वेगानं, फक्त जरा मोठ्यानं म्हणायची.

एकदा तिनं एका आजोबांना गोळी "दिवसाआड एक" घ्यायला सांगितली. त्यांनी ऐकलं "दिवसातून एक". पाकिटावर लिहिलेलं होतं, पण ते वाचायला चष्मा शोधणार कोण. चक्कर येऊन आजोबा न्हाणीघरात पडले. हाडबीड मोडलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांची सून काउंटरसमोर येऊन उभी राहिली. ती गेल्यावर मालक म्हणाले, "मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. पण या वेगाचं काहीतरी कर."

त्यासाठी तिला लांब जायची गरज नव्हती. तिची थोरली बहीण आवाजाचीच शिक्षिका होती. अडखळणारे, पुटपुटणारे, भरधाव बोलणारे असे सगळे तिच्याकडे शिकायला यायचे.

"इतकी वर्षं मी कानीकपाळी ओरडतेय," ताई म्हणाली. "ये रविवारी."

रविवारी ताईच्या स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली. ताई औषधाच्या खोक्यातला कागद पुढ्यात ठेवायची आणि जिथे अर्थ पुरा होतो तिथे पेन्सिलनं उभी रेघ मारायला सांगायची. रेघ आली की ओठ मिटायचे, नाकानं श्वास आत जाऊ द्यायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, मगच पुढचं वाक्य. शब्दाचं शेवटचं अक्षर गिळायचं नाही. टकळीला हसू यायचं. "एवढ्या वेळात गिऱ्हाईक घरी जाऊन परत येईल," ती म्हणायची. ताई हसायची नाही. कामाच्या बाबतीत ती कडक होती.

पहिल्याच दिवशी ताईनं फोन टेबलावर ठेवून आवाज नोंदवून घेतला होता. "वाचून नको. मनातलं काहीतरी बोल. मनातलं बोलतानाच खरा वेग कळतो."

"काय बोलू?"

"काहीही. माझ्याशी बोलतेस असं समज."

टकळी बोलत सुटली. आधी दुकानाचं, मग घराचं. जेवण झालं की नवरा कानात इयरफोन घालतो. भांडण नाही, तंटा नाही, पण ते कानात जायच्या आत दिवसभराचं सगळं सांगून टाकायचं असतं, म्हणून ती ताटं वाढतानाच सुरू करते. कधी कधी घराच्या दाराबाहेर उभी राहून ती आत काय काय सांगायचं ते आधी ठरवते. हे सांगताना तिला रडू आलं, आणि रडतानाही तिचा वेग कमी झाला नाही. ताईनं फोन बंद केला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. यातलं एक अक्षरही तिनं दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नव्हतं.

पावसाळा सरेपर्यंत फरक पडला. गिऱ्हाइकं "काय?" म्हणेनाशी झाली. मालक इतके खूश झाले, की त्यांनी सगळ्याच नोकरांसाठी एक शिकवणी ठेवली. त्यांच्या ओळखीतली एक तरुण शिक्षिका आली. गोदामात खुर्च्या मांडल्या गेल्या.

"घाईनं बोलणं म्हणजे काय, ते आधी ऐकू या," ती म्हणाली. "हा नमुना मला माझ्या मॅडमनी दिलाय. आम्ही सगळे यावरच शिकलो."

तिनं छोटा स्पीकर लावला. पहिल्या दोन शब्दांतच काउंटरवरची सोबतीण हसून टकळीकडे वळली. "अगं, ही तर..." तेवढ्यात स्पीकरमधून इयरफोनचं आलं, ताटांचं आलं, दाराबाहेर उभं राहण्याचं आलं. सोबतिणीचं हसू गेलं. कुणीच टकळीकडे बघेना. शिक्षिका बोटांवर मोजून दाखवत होती: इथे श्वास हवा होता, इथे, आणि इथे. मालकांनी मध्येच उठून स्पीकर बंद केला. शिक्षिकेला बिचारीला कारणच कळलं नाही.

संध्याकाळी टकळी थेट ताईकडे गेली.

"तो नमुना माझा होता."

कोणता नमुना, असं ताईनं विचारलं नाही. "त्यात नाव कुठेच नाहीये," ती म्हणाली. "मी नीट बघून काढलं होतं."

"मी रडलेलं काढलंस?"

"तू रडायला लागल्यावर मी फोन बंदच केला होता."

"किती जणांनी ऐकलंय, ताई?"

ताई ओटा पुसायला लागली. "वर्गात वाजवते मी कधी कधी. तुझ्या दुकानापर्यंत जाईल असं मला काय माहीत. अगं, इतका स्पष्ट नमुना मला कधी मिळालाच नव्हता..."

मग टकळी बोलली. माझ्याशी बोलतेस असं समज म्हणालीस, मी तसंच समजले, मला वाटलं तू ऐकतेयस, तू वेग मोजत होतीस. सगळं एका दमात, एकमेकांत घुसलेलं.

"सावकाश. एकेक वाक्य घे," ताई म्हणाली.

सवयीनं म्हणाली असेल. म्हणून झाल्यावर तिचा चेहरा पडला. पण टकळी तोपर्यंत चपला घालत होती.

दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायच्या आत नवऱ्याला सांगणं भाग होतं. जेवणानंतर तिनं त्याला इयरफोन बाजूला ठेवायला लावले आणि सगळं सांगितलं, शिकवल्याप्रमाणे, थांबत थांबत. त्यानं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे हे तू आधी ताईंना सांगितलंस." त्या दिवसापासून तो जेवल्यावर थोडा वेळ टेबलाशी बसून राहतो. काय बोलावं ते दोघांनाही सुचत नाही.

दुकानातले लोक काही दिवस तिच्याशी फारच जपून वागले. तिला हाक मारताना कुणी टकळी म्हणेना. ते तिला टोमण्यांपेक्षा जड गेलं.

ताईनं नमुना पुसून टाकला, शिष्यांनाही पुसायला सांगितलं. दोनदा माफी मागितली, आणि ती मनापासून होती, हे टकळीला कळत होतं. रविवारी मात्र ती गेली नाही. वडिलांच्या कामांसाठी दोघींना बोलावंच लागतं, तेवढं त्या फोनवर बोलतात.

"अशी दुकानातल्यासारखी नको ना बोलूस माझ्याशी," परवा ताई म्हणाली. "पूर्वीसारखी बोल."

टकळीनं श्वास घेतला. "बाबांचा चष्मा शुक्रवारी तयार होईल," ती म्हणाली. "तू आणशील, की मी आणू?"