उजव्या पानावरचे सत्तावीस गोल

मित्रांनो, मी वही आहे. जुनी आहे आणि जराशी फुगलेलीही आहे. गर्वाने नव्हे हं, एकदा माझ्यावर पाण्याची बाटली लवंडली होती. गल्लीतल्या फुटबॉल संघाच्या गोलांची नोंद माझ्यात असते. डाव्या पानावर आपण केलेले गोल, उजव्या पानावर आपल्यावर झालेले. हंगाम संपला की बेरीज करायची आणि मागच्या हंगामाशी ताडून बघायची. पुढची फळी सुधारली की बिघडली, बचाव भक्कम झाला की ढिला पडला, सगळं कळतं. इतकं सोपं काम! पण माणसं सोप्या कामाचीही कशी वाट लावतात, ते ऐका.

पहिली नऊ वर्षं मला शिंपीकाकांनी सांभाळलं. रेघा इतक्या नेटक्या आखायचे, की मलाच सदरा शिवून मिळणार असं वाटायचं. त्यांची नजर अधू झाली, तेव्हा मी टपालवाल्या आजोबांच्या हाती आले. आजोबांनी चाळीस वर्षं टपालखात्यात पत्रांची वर्गवारी केलेली. अक्षर मोत्यासारखं. मी हरखून गेले. पण कसलं काय!

आमच्या भागात मैदान एकच, त्यामुळे यजमान कायम आम्हीच, आणि बाजू निवडायचा मान यजमानांचा. आमचा संघ सुरुवातीला नेहमी पाण्याच्या टाकीकडची बाजू घेतो आणि झाडाकडच्या जाळ्यात गोल मारायला धावतो. आजोबा मैदानाच्या कडेला, बरोबर मध्यावर खुर्ची टाकून बसत. झाड त्यांच्या डावीकडे, टाकी उजवीकडे. झाडाकडे गोल झाला की डाव्या पानावर रेघ, टाकीकडे झाला की उजव्या पानावर. मध्यंतराला ते दोन्ही पानांवर एक आडवी रेघ मारत. तिथपर्यंत सगळं ठीक. पण मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, मित्रांनो! आजोबा मात्र त्याच तालात रेघा ओढत राहिले. त्यात आमचा गोल मारणारा बेकरीवाला भट्टी आवरून मध्यंतरालाच पोचतो आणि मग गोलांचा सपाटा लावतो. त्याचा एकेक गोल माझ्या उजव्या पानावर, म्हणजे आपल्यावर झालेल्या गोलांत! मी पानं फडफडवून पाहिली, तर आजोबांनी वर दगड ठेवला.

हंगाम संपल्यावर क्लबच्या खोलीत बैठक बसली. आमचे प्रशिक्षक एरवी लोकांना गाडी चालवायला शिकवतात, त्यामुळे बोलतानाही त्यांचा पाय ब्रेकवर असतो. त्यांनी मला उघडलं.

"मागचा हंगाम. केले एकवीस, झाले सोळा. यंदा... केले नऊ. झाले... सत्तावीस?"

टेबलावर माझ्या शेजारीच दुसऱ्या क्रमांकाचा चषक उभा होता, यंदाचाच. नऊ गोल करून आणि सत्तावीस खाऊन हा चषक आला कुठून, असं एकानेही विचारलं नाही. अरे, डोकी काय घरी ठेवून आला होतात?

"गोलकीपर बदलावा लागेल," प्रशिक्षक म्हणाले.

गोलकीपर कोपऱ्यात बसला होता. त्याचं कुलुपांचं दुकान आहे. माझं पहिलं पान लिहिलं गेलं, त्या दिवसापासून तो जाळ्यासमोर उभा आहे. 'पुढच्या हंगामात तुला जाळ्यामागे बसवून सगळे सामने दाखवीन,' असा शब्द त्याने लेकीला दिला होता. आता घरी जाऊन तिला काय सांगणार? त्याचा चेहरा इतका पडला, की मला माझीच पानं फाडून घ्यावीशी वाटली.

"मला जरा बघू द्या," तो म्हणाला. बोट फिरवत फिरवत तो शेवटच्या सामन्यापाशी थबकला. "मध्यंतरानंतर माझ्यावर पाच गोल? अहो, त्या वेळी तर मी..."

"तू काय?"

त्याने मान खाली घातली. "शेंगदाणे खात होतो. चेंडू माझ्याकडे फिरकलाच नाही. अख्खी पुडी संपली."

"सामना चालू असताना शेंगदाणे?" प्रशिक्षक ब्रेक विसरून कडाडले.

"थांबा, थांबा!" बेकरीवाला उठला. "त्या दिवशी पाच गोल मीच मारले होते! माझे गोल याच्या नावावर कसे?"

सगळे आजोबांकडे वळले.

"आजोबा, गोल कुठल्या पानावर लिहायचा, ते कसं ठरवता?"

"कुठे गेला ते बघून. पत्र कुणी टाकलं ते आम्ही बघत नसू. कुठे जायचंय, तेवढंच बघायचं."

"पण मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात ना!"

"ते बदलत असतील," आजोबा ठसक्यात म्हणाले. "मी नाही बदलत."

मग रात्र नको, उद्या नको, तिथेच बसून, आडव्या रेघेखालचे गोल उलट्या पानावर धरून, फेरमोजणी झाली. केले एकोणतीस, झाले सात! माझ्या सगळ्या पानांत इतका भक्कम बचाव कुठल्याच हंगामात नव्हता. कुलूपवाल्याने डोळे पुसले. त्याची जागा राहिली, शेंगदाणे मात्र बंद झाले.

आजोबा खजील होऊन मला परत करायला निघाले, तर कुलूपवाल्यानेच त्यांना अडवलं. "राहू द्या, आजोबा. तुम्ही नका बदलू. आपण खुर्ची बदलू."

तेव्हापासून मध्यंतर झालं की कुलूपवाला खुर्ची डोक्यावर घेऊन मैदानाच्या पलीकडे निघतो, मागून आजोबा, त्यांच्या काखेत मी. लोक टाळ्या वाजवतात. तिथून टाकी डावीकडे येते आणि माझा हिशेब चोख राहतो. खुर्ची ठेवून तो जाळ्याकडे धावतो. तिथे त्याची लेक मागे बसलेली असते आणि आधी त्याचे खिसे तपासते.

मित्रांनो, आम्हां वह्यांना जपा, आमच्यावर पाणी सांडू नका. आणि आमच्या पानावर बोट ठेवून कुणाला घरी पाठवायची वेळ आलीच, तर त्याआधी एवढं विचारा, की लिहिणारा बसला कुठे होता?