तेराशे बहात्तरच्या पुढे

पेनाचं टोपण, चावून चावून चपटं झालेलं. चावणारी तीच.

स्क्रीनवर एक्स-रेची चौकट: वर रुग्णाचं नाव, वय, खाली काळं, रिकामं.

स्पीकरवर काकांचा खोकला, मग फोन ठेवल्याचा आवाज.

तेराशे बहात्तर.

तीन दिवस शाखेच्या दवाखान्यातून मुख्य कार्यालयात एक्स-रे येत नव्हते आणि नेटवर्क सांभाळणारी म्हणून तीन दिवस ती या माणसाचा आवाज सहन करत होती — तिथला तंत्रज्ञ, निवृत्तीनंतर दर वर्षी मुदतवाढ मागून टिकलेला, अख्ख्या जगाचा काका. असली माणसं तारेला फुंकर मारून बघतात आणि निस्तरायचं मी... "काका, तार काढून परत लावलीत का?" सकाळी तिने मुद्दाम सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं होतं.

"लावली की, मॅडम. पण नाव-वय येतंय ना तुमच्याकडे? मग तारेला काय धाड भरलीय? लहान जातं, मोठं अडतं. आमच्या सूनबाईंच्या सुटकेससारखं."

सुटकेस म्हणे. तिने हे शेजारच्या टेबलांना ऐकवलं, आवाजाची नक्कल करून, सगळे हसले.

आता साडेतीनला ती एकेक बाइट वाढवत, चाचणीची पॅकेटं पाठवून मोजत होती. तेराशे बहात्तर जातं. तेराशे त्र्याहत्तर नाही. नाही म्हणजे नकारसुद्धा नाही, नुसती शांतता... दोन कार्यालयांमधल्या इंटरनेटवरच्या बोगद्यातून जाताना माहितीच्या प्रत्येक पॅकेटवर आणखी एक वेष्टन चढतं, वेष्टनासकट ते वाटेत कुठेतरी मावत नाही, मग तिथलं यंत्र उलट निरोप धाडतं — मोठं आहे, लहान करून पाठवा — एवढं तर शिकाऊ पोरांनाही कळतं. मग निरोप जातात कुठे? कोण गाढव अडवतंय ते?

तिने शाखेच्या फायरवॉलचे नियम उघडले; एक नियम नेमके हेच निरोप अडवत होता. गाढवाने टीपही लिहून ठेवली होती: 'बाहेरची कटकट, सरसकट बंद.' पुढे तीन दिवसांपूर्वीची तारीख, आणि तिची स्वतःची आद्याक्षरं.

साहेब दारातून डोकावले. "चारला बसतोय. काकांचं आजच उरकून टाकू. 'शाखेचा निष्काळजीपणा' हे तुमच्या अहवालातलं वाक्य पुरे आहे. मुदतवाढ बंद."

"हो," ती म्हणाली.

हो कशाला?... नियम काढून टाकला की झालं, एक बटण, चित्रं आपसूक उमटतील, कोणी विचारणारही नाही — आणि काका? काका काय, म्हातारा माणूस, घरी बसेल, आज ना उद्या बसायचाच होता... बोट बटणावर थांबलं. काकांची नक्कल तिने मनातल्या मनात पुन्हा करून पाहिली, हसू यावं म्हणून. आलं नाही. नक्कल ऐकून हसणाऱ्यांमध्ये एक बाई दिसली, हातात चपटं टोपण धरून सगळ्यांत मोठ्याने हसणारी, आणि असल्या बाईशी मी एक मिनिट बोलले नसते.

अहवाल सकाळी अकरालाच गेला होता. मोजायला ती जेवणानंतर बसली.